पंधरा मिनिटं वाऱ्याची

—नाही नाही, काका, दार लावू नका. पाय मध्ये घातला म्हणून रागावू नका, पाय काढतो, हा बघा काढला — पण दार लावू नका. चोर नाही मी, काही विकायलाही आलेलो नाही. मी या घराचा आधीचा माणूस. कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी आपण समोरासमोर बसलो होतो, माझं पेन उमटेना तेव्हा तुम्ही तुमचं दिलंत — आठवलं? तोच मी. दाढी वाढलीये म्हणून ओळखू येत नसेन. घर परत नकोय मला. पंखा राहिला, कपाट राहिलं, असलंही काही म्हणणं नाही. फक्त गच्ची हवीये. एक तास, फार तर सव्वा तास. माझ्या घड्याळात दोन वाजून एकतीस झालेत. तेवढा वेळ मला वर उभं राहू द्या, मग जातो, पुन्हा तोंड दाखवणार नाही. का म्हणजे — माझं एक कबुतर येतंय.

हसा, हसायला हरकत नाही, पण हसता हसता वाट द्या. शर्यतीचं कबुतर आहे, मादी आहे, निळी म्हणतो आम्ही तिला. आता तुम्ही म्हणाल, घर विकून सहा महिने झाले, तर तुझं कबुतर माझ्या घरी कशाला? बरोबर आहे. पण ते तिला कोण सांगणार? माणसाला नवा पत्ता कळवता येतो, या पाखरांना जन्मभर एकच पत्ता — ज्या ढाबळीतनं पहिल्यांदा उडालं ती ढाबळ. म्हणजे तुमच्या गच्चीवर ते लाकडी खोपट होतं ना, तुम्ही ज्याला कोंबड्यांचं म्हणाला होतात — ते. बाकीची पाखरं मी आमच्या कबुतर-शर्यतीच्या मंडळातल्या चष्मेवाल्याला देऊन टाकली. त्यानं ती कोंडून ठेवलीत, सोडली की इकडंच येतील म्हणून. ही एक बाहेरगावी होती, आज सकाळी आठ दहाला सुटलीये. — चढू ना? तुम्ही व्हा पुढं, तुमचं घर आहे. एकोणीस पायऱ्या आहेत. अकरावीची कड फुटलीये, जपून. अजून फुटलेलीच आहे ना? — हं. आहे. मी करणार होतो ती. रोज करणार होतो.

अहो काका. ही जाळी कधी लावलीत? सगळ्या गच्चीवर? — नाही, टोमॅटो छान आहेत हो, मी टोमॅटोला कुठं नाव ठेवतोय, रंग तर बघत राहावा असा आहे — पण पाखरू उतरणार कुठं? ती वरनं येणार, दोन घिरट्या घालणार, खाली बघणार, तर ढाबळ नाही आणि वर हिरवी जाळी. पाय अडकला तर संपलंच. नाही अडकला तर अजून वाईट, घिरट्या घालत बसेल, दमून कुठंतरी पडेल. एक कोपरा सोडू द्या मला, टाकीच्या बाजूचा. कापत नाही, गाठी सोडतो — ही पक्कड बघा, माझ्या कामाची पिशवी आहे, लिफ्ट दुरुस्त करतो मी, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायची सवय आहे हाताला. जाताना जशीच्या तशी बांधून देतो. एकही टोमॅटो जाणार नाही. गेला तर माझं नाव घ्या. — म्हणजे हो म्हणताय ना? असं मान हलवलीत की मला कळत नाही, हो की नाही. — बरं. हो धरतो.

आणि ढाबळीच्या फळ्या कुंड्यांखाली घातल्यात वाटतं. चांगलं केलंत, साग आहे, पाणी पिऊन पिऊन बाकी सगळी लाकडं कुजतील, हा नाही कुजायचा. ही कुंडी जरा सरकवू? इथं पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, हे बघा, पुसट झालंय — चारशे नव्वद भागिले सत्तर, बरोबर सात. सातच्या शेपटीला डोळा काढलाय. हे माझ्या मुलीचं अक्षर. नऊ वर्षांची होती तेव्हाचं. निळी जिथनं सुटलीये ते शहर इथनं रस्त्यानं सहाशे चाळीस किलोमीटर, सगळे हेच सांगतात, बसवाला सांगतो, फलक सांगतो. पण रस्ता माणसांसाठी वळतो, नदी आली वळला, टेकडी आली वळला. पाखरू सरळ येतं. सरळ अंतर चारशे नव्वद. बसला तेरा तास लागतात. विमानाला सव्वा तास — पण त्याच्या आधी दोन तास रांगेत उभे राहा, नंतर एक तास पेटीची वाट बघा, ते कुणी धरत नाही. आणि निळीला ताशी सत्तरनं सात तास. आठ दहाला सुटली म्हणजे तीन दहाला इथं. वर पंधरा मिनिटं वाऱ्याची. वाऱ्याची म्हणजे काय? आमच्या घरातला शब्द आहे तो. वारा तोंडावर असला की गणित चुकतं, म्हणून वेळ झाली की लगेच रडायचं नाही, पंधरा मिनिटं वाऱ्याला द्यायची, मग विचारायचं, आली का. मीच शिकवलं होतं तिला.

काका, खाली काकूंना सांगाल का, तो मिक्सर एवढा थांबवा म्हणून? म्हणजे आत्ता नाही, आत्ता चालू दे, दोन पन्नासच झालेत. तीन वाजल्यापासनं. आणि ती चादर वाळत घातलीये ती काढतो मी, घडी करून ठेवतो — फडफडणारं काही चालत नाही. आवाज चालत नाही. कसंय, पाखरू शहरावर येऊन पोचलं म्हणून शर्यत संपत नाही. ते खाली उतरायला हवं, ढाबळीत शिरायला हवं, मग पायातली रबरी कडी काढायची आणि मंडळाच्या घड्याळात टाकायची, तेव्हा वेळ पडते. पाखरू सात तास जीव तोडून येतं आणि समोरच्या टाकीवर बसून वीस मिनिटं पिसं साफ करत बसतं, कारण कुणीतरी भांडं आपटलं. त्या वीस मिनिटांत हाताशी आलेला पहिला नंबर जातो. म्हणून पाखरू यायच्या वेळेला या घरात कुणी बोलायचं नाही. नळ सोडायचा नाही. खोकला आला तर उशीत खोकायचं. बायको म्हणायची, सुतकात बसल्यासारखं वाटतं. पोरीला मात्र आवडायचं. म्हणजे मला वाटायचं, आवडतं.

शर्यतीचं घड्याळ कुठाय? — तुम्ही नेमकं विचारलंत. आणलं नाही. आज शर्यत नाहीये काका. मी दारात तुम्हाला खोटं नाही सांगितलं, पाखरू शर्यतीचंच आहे म्हटलं, शर्यत आहे असं कुठं म्हटलं? शर्यती मी सोडल्या. निळी माझ्या मुलीकडनं येतेय. तिच्या पायाला कागद असेल, त्या कागदावर काय आहे ते मला आज संध्याकाळच्या आत कळायला हवं. म्हणून तुमच्या पाया पडायला तयार आहे मी. पडतोसुद्धा. — बरं, नाही पडत. बसा तुम्ही. त्या खुर्चीत बसा, उभं राहून तुमचे गुडघे दुखतील.

तिला आम्ही भोंगा म्हणायचो. जन्मली तेव्हा अशी रडली की दाई म्हणाली, ही पोरगी नाही, गिरणीचा भोंगा आहे. तेच नाव पडलं. आठ घरं सोडून एक म्हातारी राहायची, ती सकाळी विचारायची, काल भोंगा नऊला का वाजला? असा आवाज. — आणि आता फोनवर एक शब्द बोलत नाही. आठ महिने झाले तिला तिच्या आईबरोबर जाऊन. आईला त्या शहरात नोकरी लागली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. जाताना पोरीनं एवढंच मागितलं, निळीला नेऊ का. ने म्हटलं. दर रविवारी अकराला मी फोन करतो, तिची आई फोन तिच्या हातात देते, आणि मी बोलतो आणि ती श्वास घेते. हं नाही, हूं नाही. श्वास ऐकू येतो, त्यावरनं ओळखायचं, आहे. मग मीच बोलत राहतो. काय बोलणार? तुझी खोली आहे तशी आहे. खिडकीची कडी बसवून घेतली. ढाबळीला रंग दिला. निळीचा खण मी कुणाला दिला नाही, रिकामा ठेवलाय.

हो. सहा महिने. तुमच्या या घराचं मी दर रविवारी तिला सांगतोय. खोली झाडली म्हणून सांगतो, आणि मी बसलेलो असतो भाड्याच्या खोलीत पलंगावर. मागच्या महिन्यात तर सांगितलं, गच्चीवर टोमॅटो लावलेत — खालनं जाताना तुमचे दिसले होते मला. तिच्या आईलाही माहीत नाही, घर माझ्या वडलांचं, माझ्या एकट्याच्या सहीनं गेलं. आधी वाटलं, सांगू पुढच्या रविवारी. मग एकेक रविवार जातो आणि दर रविवारी सांगणं जड होत जातं, आधीचे सगळे रविवारही त्याच्याबरोबर सांगावे लागतात ना.

आणि आता तिच्या आईला बाहेरच्या देशात बोलावणं आलंय. त्याच कामाचं, मोठ्या लॅबमध्ये. दोन वर्षं तरी. विमानानं अकरा तास, मध्ये समुद्र. निळीसारखी शंभर पाखरं ठेवली तरी तिथनं एक येणार नाही, बसायला जागाच नाही मध्ये. पोरीला न्यायचं तर बापाची सही लागते. कागद माझ्या पिशवीत आहे, संध्याकाळी सहाच्या आत तिच्या आईनं पाठवलेला माणूस तो घ्यायला येणार आहे. मी म्हटलं, पोरगी स्वतः सांगेल तर करतो. मनातनं म्हटलं, ती बोलतच नाही, म्हणजे सांगणारच नाही, म्हणजे जाणारच नाही. असा विचार केला मी. बाप आहे म्हणवतो. तर गुरुवारी तिच्या आईचा फोन, म्हणाली, ती म्हणते, बाबांना लिहून पाठवते, निळीबरोबर. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, पाठव. ढाबळ उघडी आहे.

सव्वा तासाचं विमान आहे, मग स्वतः का नाही गेलास — हेच मनात आलंय ना तुमच्या? आलं असणारच, माझ्या रोज येतं. विमानतळापर्यंत गेलो होतो एकदा. परत आलो. फोनवर ती गप्प असते तेव्हा मी स्वतःला सांगू शकतो की लाईन खराब आहे. समोर बसून गप्प राहिली तर काय सांगू?

आता जरा हळू बोलू. तीन झाले. — मिक्सर थांबला, बरं झालं, काकूंना सांगा फार उपकार झाले. मी बघत राहतो आणि बोलत राहतो, हळू बोललेलं तिला चालतं, माझ्या आवाजाची सवय आहे. त्या पाण्याच्या उंच टाकीच्या डाव्या बाजूनं येते ती. आधी ठिपका दिसतो. माशी वाटते. — ती नाही, तो कावळा.

हा डबा? दाण्यांचा. हा वाजवला की उतरतात. असा नाही, आत्ता नाही वाजवायचा. चेपलाय ना एका बाजूनं. तो चेपला तेव्हाचंच — जाऊ द्या. नाही, सांगतो, तुम्ही काही विचारू नका, विचारलंत तर सांगता यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी, हंगामातली शेवटची शर्यत, त्याच शहरातनं, चारशे नव्वद. निळीचं ते पहिलं मोठं उड्डाण. तीन वाजून गेलेले. बायको कामावर. मी इथं, जिथं तुमची ती तिसरी कुंडी आहे तिथं, आणि निळी वर आली. खाली यायला तयार नाही. डबा खाली राहिलेला. मी जिन्याच्या तोंडाशी उभ्या पोरीला हातानं खूण केली, डबा आण. पोरगी गेली, डबा घेतला, आणि आता हा असा डबा घेऊन जिना चढायचं म्हणजे दाणे वाजणारच, आणि अवेळी वाजले की पाखरू बिचकतं, हे तिला माहीत. म्हणून तिनं डबा दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरला. अनवाणी. अकराव्या पायरीवर तिचा पाय घसरला.

डबा सोडला असता तर हात टेकता आला असता हो. सोडला नाही. डब्यासकट वळणावर जाऊन पडली. कोपर मोडलं, हाड आतनं सरकलं. आणि ओरडली नाही. तो भोंगा. फ्रॉकची कड तोंडात कोंबून बसली, चाळीस मिनिटं. कारण पाखरू अजून उतरायचं होतं. निळी शेवटी आपली आपण उतरली, मी कडी घड्याळात टाकली, दुसरा नंबर आला आमचा, मी पाखरू हातात घेऊन नाचत खाली आलो तिला दाखवायला — तर ही पांढरीफटक, भिंतीला टेकून बसलेली, आणि मला विचारते, बसली का निळी?

हात अजून पुरता सरळ होत नाही तिचा. जगाला मी सांगितलं, मला काही कळलंच नाही. डॉक्टरला सांगितलं, बायकोला सांगितलं. तीही म्हणाली, वर काय ऐकू येणार. त्यावर दीड वर्ष ती थांबली माझ्याजवळ. मग एकदा म्हणाली, ही पोरगी घरात पाय न वाजवता चालते, तुला दिसतंय का? मी म्हटलं, शहाणी आहे. त्या दिवशी तिनं पेटी भरायला घेतली.

काका, आवाज आला होता मला.

धप्प असा. डब्याचा पत्रा वाजला, मागोमाग काहीतरी मऊ. मला आला होता ऐकू. मला कळलं होतं की ती पडली. आणि मी मान वळवली नाही, कारण निळी तेव्हाच टाकीवरनं खाली बघत होती. मनात म्हटलं, लागलं असतं तर ओरडली असती. — हे मी कुणाला बोललेलो नाही. तुम्हाला का सांगितलं कुणास ठाऊक. घर का विकलं विचारत होतात ना त्या दिवशी, मी म्हटलं एकट्याला मोठं पडतं. मोठं कसलं, मला ते जिन्याचं वळण ओलांडता येत नव्हतं. मी खाली स्वयंपाकघरात झोपायला लागलो होतो.

तीन दहा.

काही नाही. आभाळ रिकामं. — बघू नका माझ्याकडे असं, वाऱ्याची पंधरा मिनिटं आहेत अजून. वारा तिरका आहे, बघा ना तुमच्या त्या पानांवरनं. पण आठ महिने बंद बाल्कनीत होती ती, इकडनं तिकडे दहा पावलं उडायची. चारशे नव्वद किलोमीटरला पंखात काय जोर राहणार? आणि मध्ये ससाणे, विजेच्या तारा. मी पाठव म्हणायला नको होतं. साधं सांगायचं होतं, अगं, घर विकलं मी, फोनवर हो किंवा नाही म्हण. नाही जमलं. एक पाखरू मारलं असेल मी त्यापायी. आणि ते आलंच नाही तर पोरगी काय समजेल? तिला वाटेल, बाबानं कागद वाचला आणि उत्तर दिलं नाही. आणि मी सहाला काय करू? सही करू की फाडू? सांगा ना. तुम्ही म्हणाल तसं करतो, खरंच, मला आता काही सुचत नाहीये. तुम्हाला मुलं आहेत? कुठं असतात? — असू द्या. असू द्या, नका सांगू.

तीन वीस.

—शू. हलू नका. टाकीच्या डावीकडे. नाही, तिकडे नाही, माझ्या बोटाकडे बघू नका, आभाळात बघा. ठिपका. आहे. तीच आहे, डावा पंख जरा उशिरा उचलते. आली हो. बाई, आलीस. एक घिरटी... दोन... शोधतेय. ढाबळ शोधतेय. इकडं, इकडं, हा कोपरा. डबा. हळूच... उतरली. कठड्यावर. केवढी वाळलीये. काका, श्वाससुद्धा हळू घ्या. उजव्या पायाला बघा, लाल दोरा, त्यात कागद. आहे. चार पावलं. मी आता सरपटत जातो. बोलत नाही आता.

फोन. माझाच वाजतोय, खिशात — बघा, तिनं मान वर केली. तिच्या आईचा नंबर. किती वाजले? तीन पंचवीस. तीन दहा आणि पंधरा मिनिटं वाऱ्याची. काका, हा तिच्या आईचा फोन नाही. हे गणित तिच्या आईला येत नाही. उचलला, बोललो, तर निळी जाईल, कागद जाईल, पंख पसरलेच तिनं. नाही उचलला तर —

हॅलो. हॅलो, भोंग्या, मी आहे, बोल. — उडाली, काका. उडू दे. — तुला नाही म्हटलं, इथं एक काका आहेत. बोल ना. नाही, हळू नको, मोठ्यानं बोल, पाखराचं मी बघतो, पाखरू घाबरलं तर घाबरलं. — पोचली. हो, पोचली, तीन बावीसला. बारा मिनिटं वाऱ्यानं खाल्ली. तुझं गणित बरोबर आलं. — कागद नाही वाचला अजून. कागद नकोच मला, तू सांग. मी थांबतो. हवा तेवढा वेळ घे.

हं.

हं. पाखरू नाही नेऊ देत विमानात, बरोबर आहे. मोठ्या माणसांनाही नाही नेऊ देत. — म्हणून घरी पाठवलीस. तिला इकडं बरं वाटेल म्हणून. — म्हणजे तू चाललीस. — नाही गं, रागावलो नाही. आवाज असाच आहे माझा आज. सही करतो, आत्ता करतो, पेन आहे. — काय सांभाळू? निळीला. तिच्या जुन्या खणात.

भोंग्या, ऐक. खण नाहीये. ढाबळ नाहीये. घर विकलं मी, सहा महिने झाले. ती खोली, तो रंग, सगळं खोटं सांगत होतो मी तुला. आणि अजून एक आहे. तू पडलीस ना जिन्यात. त्या दिवशी. तुझा आवाज आला होता मला. वर ऐकू आला होता. मी आलो नाही. तू चांगली होतीस म्हणून ओरडली नाहीस, आणि मला ऐकू येऊनही मी आलो नाही. चूक माझी. तू ओरडायला हवं होतंस, या गल्लीतली सगळी दारं उघडेपर्यंत ओरडायला हवं होतंस.

हॅलो? — आहेस?

रड. रड बाळा. नाही, तोंड नको दाबूस, आईनं ऐकलं तर ऐकू दे, शेजारच्यांनी ऐकू दे, रड. — काका, ऐकताय? कानापासनं लांब धरलाय फोन तरी येतोय ना? आठ घरं सोडून ऐकू जायचा तो हाच. हाच आहे. — आहे, मी आहे इथं, कुठं जात नाही. निळी? ती बघ, परत येऊन बसली कठड्यावर. कुठं जाणार, तिला दुसरं घर माहीतच नाही.

काका, तुम्ही जा ना खाली. जरा जा. आम्हाला बोलायचंय.